प्रतीक्षाचा दाखला

कोरगावजवळच्या एका सरकारी शाळेत सुमंगलाबाई मुख्याध्यापिका होत्या. सातवीला नऊच मुलं. त्यांची मैत्रीण वर्षा मुळगावकडच्या शाळेत होती. तिथे चाळीस मुलं, शिवाय नवी प्रयोगशाळा. वर्षा फोनवर कौतुक सांगू लागली की बाईंचा जीव जळायचा.

त्यातच बेळगावहून बांधकामावर आलेला दादू म्हणाला, "बाई, माझं काम मुळगावला लागलंय. आमच्या प्रतीक्षाचा दाखला द्या की."

गणितात तालुक्यात पहिली आलेली पोर, तीही वर्षाकडेच! "शिक्का सापडत नाही," म्हणत बाईंनी त्याला दोनदा परत पाठवलं.

तिसऱ्यांदा दादू म्हणाला, "दाखल्याशिवाय तिकडं घेत नाहीत, पोर आठवडाभर घरात बसून रडतेय."

बाई ओशाळल्या. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला, पण देताना राहवलं नाही.

"वर्षाबाईंना सांग, हिला गणित मी शिकवलंय."