खिशातली सोळा पानं

घरात बाई पुस्तक घेऊन बसली की सगळ्यांना एकदम तहान लागते. सासूबाईंना गोळी आठवते, लेकीला उद्या शाळेत न्यायचा नकाशा आठवतो, आणि एरवी आपले मोजे आपण शोधणारा नवरा कपाटासमोर उभा राहून हाका मारायला लागतो. मास्तरणीने हे दहा वर्षं सोसलं. मास्तरीण म्हणजे खरी मास्तरीण नव्हे हां. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, दिवसाला सहाशे. पण छापील काही दिसलं की सोडायची नाही, साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायची. म्हणून बरोबरच्या बायकांनी मास्तरीण म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वेळ कुठून काढायचा हो? पहाटे पाचला उठायचं, पाणी भरायचं, चार डबे करायचे, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या आणि बसमागे धावायचं. मग आठ तास पायांवर. संध्याकाळी भाजी, लेकीचा अभ्यास, भांडी. रात्री उशीला डोकं टेकलं की बाई मेल्यासारखी झोपायची. राहता राहिली दुपारची जेवणाची सुट्टी, तीस मिनिटांची. मास्तरीण आठ मिनिटांत जेवायची आणि बावीस मिनिटं वाचायची. त्या बावीस मिनिटांसाठी ती बाकीचा दिवस ओढत होती म्हटलं तरी चालेल.

आता सध्याचं पुस्तक होतं चांगलं विटेएवढं जाड. रद्दीवाल्याकडून आणलेलं, पुठ्ठा गेलेला, लेखकाच्या नावाचं पानसुद्धा गायब. एवढं धूड एप्रनच्या खिशात मावेना. मग एका रविवारी तिने ब्लेड घेतलं आणि शिवणीचे दोरे कापून पुस्तकाचे तेरा भाग केले, एकेक सोळा-सोळा पानांचा.

"अगं, पुस्तक काय कापतेस?" नवरा ओरडला.

"तुम्ही कलिंगड अख्खं गिळता का?" ती म्हणाली, आणि पहिला भाग खिशात घालून सोमवारी कामावर गेली.

गोष्ट होती एका नावाड्याच्या बायकोची. नवरा गेल्यावर ही स्वतः नाव चालवायला लागते आणि घाटावरच्या ठेकेदाराला ते खुपतं. अकराव्या भागाच्या शेवटी नदीला पूर आलेला, हिची पोर पलीकडच्या काठावर अडकलेली, आणि ठेकेदाराने हिची वल्ही काढून नेऊन कुलपात ठेवलेली. झालं, शनिवारी तिथेच पान संपलं. त्या रात्री मास्तरणीने आमटीत मीठ दोनदा घातलं.

रविवार घरकामात गेला, आणि सोमवारी ती बारावा भाग घेऊन आली, आठ मिनिटांत जेवली, पहिली ओळ वाचायला घेतली आणि समोर खिसेसाहेब उभे.

खिसेसाहेब म्हणजे धुलाईघराचे सुपरवायझर. एकदा कुणाच्या तरी खिशातलं पेन मशीनमध्ये गेलं आणि चाळीस गाऊन निळे झाले. तेव्हापासून या माणसाने खिशांचा ध्यासच घेतला होता. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी, 'खिसा तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जाणार नाही.' डॉक्टरांचा कोट असो की आयाचा गाऊन, निवडायच्या टेबलावर बसणाऱ्या मावशी प्रत्येक खिसा उलटा करून बघायच्या. फक्त एक कोट सोडून. "माझ्या खिशात कोणी हात घालायचा नाही, माझा मी बघतो," असं साहेबांनी बजावलं होतं. त्यांचा पांढरा कोट दर गुरुवारी थेट ढकलगाडीत पडायचा आणि कोणी त्याला बोट लावायचं नाही.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"वाचतेय. सुट्टी आहे ना."

"सुट्टी जेवायला असते, बाई."

"जेवून झालं माझं."

"एवढ्यात? किती वेळात जेवलात?"

"आठ मिनिटांत!" मास्तरीण म्हणाली, आणि तेही तोऱ्यात. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आठ मिनिटांत जेवण होतं, तर तीस मिनिटांची सुट्टी हवी कशाला? पुढच्या सोमवारपासून सुट्टी पंधरा मिनिटं. आणि कामाच्या जागी कागद चालणार नाही." त्यांनी तिच्या हातातला बारावा भाग घेतला, दुमडला, कोटाच्या खिशात घातला आणि निघून गेले.

त्यानंतर जे झालं ते साहेबांपेक्षा वाईट होतं. बायका तिच्याशी बोलेनात. "तुझ्या वाचनाच्या नादात आमच्या घासावर गदा आली," एकजण तोंडावर म्हणाली. मावशी कधी कुणाला टाकून बोलायच्या नाहीत, पण त्यांनीही डबा बंद करत मान हलवली. "माझ्या तोंडात चार दात राहिलेत गं. पंधरा मिनिटांत मी काय गिळायचं?"

मास्तरणीला हे मात्र लागलं. साहेबांचा राग आला होता, पण मावशींच्या दातांपुढे तिची तिलाच लाज वाटली. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" तो म्हणाला. "साहेबांची माफी माग, पुस्तक ठेव माळ्यावर. आणि एवढीच उत्सुकता असेल तर तेरावा भाग आहे ना घरात? शेवट वाच आणि मोकळी हो."

"मधला जिना काढून नेलाय, आणि मी वरच्या मजल्यावर उडी मारू? आणि माफी कसली हो? चोरी केली का मी? सकाळी पाचपासून मी सगळ्यांची असते. तुमची, आईंची, लेकीची, त्या सहाशे चादरींची. बावीस मिनिटं माझी असली तर कुणाचं काय जातंय?"

नवरा उठला आणि स्वतःच पाणी प्यायला.

मंगळवारी ती न वाचलेला तेरावा भाग खिशात घालून कामावर गेली. कागद चालणार नाही काय? मग हा घ्या कागद. सुट्टीत तो बाहेर काढला नाही, पण डबा उघडला आणि जेवायला लागली, अशी सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. एकेक घास बत्तीस वेळा चावायचा. नजर घड्याळावर. आठ मिनिटं झाली, पंधरा झाली, पंचवीस झाली. साहेब दोनदा येऊन गेले. तिसाव्या मिनिटाला घंटा वाजली तेव्हा मास्तरणीने शेवटचा घास तोंडात टाकला आणि डबा मिटला. मावशींना हसू आवरेना.

बुधवारीही तेच. त्या दिवशी साहेब वैतागून तिच्या टेबलाजवळ थांबले. "असल्या हट्टाचा काही उपयोग नाही, बाई. दार उखडून त्याचं वल्हं करणाऱ्या बायका गोष्टीत असतात. इथे नियम चालतो."

मास्तरणीचा घास हातातच राहिला. दार? कसलं दार? अकरा भागांत कुणी दार उखडलं नव्हतं. म्हणजे हे बाराव्या भागात होतं. म्हणजे हा माणूस, तिच्या हातातून पानं काढून घेऊन, आपल्या केबिनमध्ये दार लावून वाचत होता! तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने तो घास तोंडात घातला आणि बत्तीस वेळा चावला. वेळ आली की बोलू, म्हणाली मनाशी.

वेळ शुक्रवारी सकाळी आली. मोठ्या मशीनचं झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑपरेशन थिएटरच्या ऐंशी चादरी, आणि प्रत्येक चादरीवर ओल्या कागदाचा भुगा. चादरीच्या विणीत घुसलेले, चिकटलेले, राखाडी कण. थिएटरला दुपारी तीनला त्याच चादरी हव्या होत्या.

साहेब धावत आले. त्यांनी बोटावर भुगा घेतला, चोळला आणि सरळ मास्तरणीकडे बोट केलं. "कागद! मी काय सांगत होतो? या बाईचं वाचन! आजच्या आज रिपोर्ट करतो. उद्यापासून येऊ नका कामाला."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. लेकीची फी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं मास्तरणीच्या डोळ्यांपुढून गेलं. पण तिने खिशात हात घातला आणि तेरावा भाग वर धरला. कोरडा ठणठणीत.

"माझा कागद हा. पहिले अकरा भाग घरी आहेत, माझ्या उशाखाली. बारावा तुमच्याकडे आहे, साहेब."

"तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

"मग आणून दाखवा."

"दाखवतो की!" साहेब तरातरा केबिनकडे निघाले. अर्ध्या वाटेत त्यांची चाल मंदावली. हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. पण हा कोट आजचा होता, इस्त्रीचा. काल गुरुवार होता. साहेब तिथेच थांबले, पाठमोरे.

तोवर मावशींनी मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घातला होता. त्यांनी एक ओला कोट ओढून काढला, कॉलरवरची, साहेबांच्या नावाची काळ्या शाईची खूण सगळ्यांना दाखवली आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा खिसा उलटा केला. लगद्याचा एक गोळा फरशीवर पडला.

"खिसा तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जाणार नाही," मावशी पाटीकडे बघत सावकाश म्हणाल्या. आणि मग काय, धुलाईघरात जी हशाची लाट उठली, ती इस्त्रीच्या रोलरपर्यंत गेली.

साहेबांचं तोंड पडलं. "बरं, बरं. झालं ते झालं. लागा कामाला," ते पुटपुटले. केबिनमधला फोन वाजत होता. थिएटरचाच असणार.

मास्तरीण हलली नाही. तिला आता भीती वाटत नव्हती, नुसता राग येत होता, आणि त्या गोळ्याकडे बघून रडूही येत होतं. तिची सोळा पानं होती ती. दुसरी प्रत आणायची कुठून, पुस्तकाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"चादरी आम्ही देऊ," ती म्हणाली. "एकेक झटकू, ब्रशने घासू, पुन्हा धुऊ, तीनच्या आत घड्या घालून देऊ. पण आधी दोन गोष्टी. सुट्टी तीस मिनिटांची होती, तीसच राहील. कोण किती वेळात जेवतं हे कुणी मोजायचं नाही."

साहेबांनी फोनकडे पाहिलं. "ठीक आहे. तीस. आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे, तुम्ही तो भाग वाचलाय."

"मी? छे, मी कशाला—"

"दार उखडलं कुणी, साहेब?"

साहेबांचे कान लाल झाले. मान खाली घालून ते म्हणाले, "दोनदा वाचला."

"मग आज सुट्टीत सांगायचा. पहिल्या पानापासून. माझं वाचन तुम्ही धुतलंत, तर भरपाई तुमच्याच तोंडून."

दुपारी सगळ्या डबे घेऊन बसल्या. साहेब उभे राहिले आणि नोटीस वाचावी तसे सुरू झाले. "तर, ती बाई घरी जाते. घरात वल्हं नाही." असं चार वाक्यं चाललं. मग ती बाई आपल्याच घराचं दार खांद्याने रेटते त्या जागी साहेबांचा आवाज बदलला. त्यांनी कोपऱ्यातला कपडे ढकलायचा लाकडी दांडा उचलला, टोपलीत एक पाय ठेवला आणि चक्क वल्हवायला लागले. बिजागरी कशी करकरली, ठेकेदार काठावर कसा किंचाळला, पाण्यातून झाड कसं वाहत आलं, एकही गोष्ट माणूस विसरला नव्हता. घंटा वाजली. कोणी उठलं नाही. "थांबा, थांबा, अजून दोन पानं आहेत," साहेब घामाघूम होत म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी खाल्ली. नाव मधल्या धारेत गरगर फिरते, दार हातातून निसटतं, आणि तिथे बारावा भाग संपला.

"पुढे?" मावशींनी विचारलं.

"पुढचं मला कुठे ठाऊक?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी मास्तरणीच्या खिशाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"पुढचं उद्या," मास्तरीण म्हणाली आणि उठली. चादरी तीनला दहा मिनिटं कमी असताना थिएटरला पोचल्या.

शनिवारी ती आठ मिनिटांत जेवली. खुशाल जेवली, आता मोजणारं कोणी नव्हतं. हात पुसून तिने तेरावा भाग काढला. बघते तर बायका डब्यांसकट तिच्याभोवती सरकून बसलेल्या, आणि साहेब एक टोपली पालथी घालून त्यावर.

"चल गं, मोठ्याने वाच," मावशी म्हणाल्या.

मास्तरणीने सगळ्यांकडे पाहिलं. मावशींचे ते चार दात बघून तिचं मन क्षणभर हललं, नाही असं नाही.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी वाचीन मोठ्याने, तुम्हाला हवं तितक्या वेळा. आज नाही. आज मी माझं वाचणार."

"अहो बाई, पण निदान एवढं सांगा, ती वाचते का?" साहेब काकुळतीला येऊन म्हणाले.

"वाट बघा. मी पाच दिवस बघितली."

तिने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि पहिलं पान उघडलं. भोवती पंधरा माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. कुणाला तहान लागली नाही, कुणी मोजे मागितले नाहीत. मास्तरणीने पान उलटलं.