मागे बसणाऱ्याची फेरी

गास्पारेच्या दुकानात एक नियम होता, आणि त्या नियमापायी त्याने जेवढी बोलणी खाल्ली तेवढी गिऱ्हाइकं काही जोडली नव्हती. स्कूटर भाड्याने न्यायला जोडीने कुणी आलं, की चालवणाऱ्याचा परवाना बघायचा, त्याला गल्लीत चक्कर मारायला लावायची, इथवर सगळेच दुकानवाले करतात. गास्पारे मागे बसणाऱ्यालाही तपासायचा. त्याला स्वतःच्या मागे बसवून बल्लारोच्या बाजारापर्यंत एक फेरी मारायची आणि मगच किल्ली द्यायची. पालेर्मोच्या जुन्या रस्त्यांवरच्या फरश्या झिजून झिजून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की वळणावर मागचा घाबरून उलट बाजूला झुकला तर पुढच्याचं कसब काही कामाला येत नाही, गाडी आडवी होते. हे त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं. वडील जाऊन बारा वर्षं झाली, पण नियमात काडीचा बदल झाला नव्हता.

"लोकांच्या बायका मागे बसवून मिरवायची हौस, दुसरं काय!" असं त्याची बायको चेत्तीना गल्लीभर सांगत सुटायची. दुकानाचं टेबल तीच सांभाळायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण कुणी गिऱ्हाईक नियमावरून हुज्जत घालायला लागलं की बाह्या सरसावून आधी तीच पुढे व्हायची.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी, दुकान उघडून तासही झाला नव्हता, तोच एक म्हातारं जोडपं दारात येऊन उभं राहिलं. म्हाताऱ्याच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. बाईने डोक्याला हिरवा रुमाल बांधला होता आणि ती हसत होती, पण कुणाकडे बघून असं नाही.

"स्कूटर हवी होती," म्हातारा म्हणाला. "आजच्या दिवसापुरती. दोघांसाठी."

बोलण्यावरून उत्तरेकडचा. चेत्तीनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सिन्योर, चौकात घोडागाडी मिळते. वर छत्रीपण असते. हाडं शाबूत राहतील."

"हाडं कालच मोजलीत. सगळी आहेत."

गास्पारेला म्हातारा तिथेच आवडला. त्याचं नाव एजिदिओ, बायकोचं लुइसेल्ला, आणि दोघं पार उदिनेहून आलेली. परवाना चालू होता. गेले तीन महिने तो शेजाऱ्याच्या स्कूटरवर अंगणात सराव करत होता म्हणे. गास्पारेने त्याला गल्लीत दोन चकरा मारायला लावल्या. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस एवढ्या सफाईने गाडी वळवतो याचंच त्याला नवल वाटलं.

"छान. आता बाईंना मी एक फेरी मारून आणतो," तो म्हणाला.

एजिदिओचा चेहरा पडला. गास्पारेच्या कोपराला धरून त्याने त्याला हेल्मेटांच्या फळीपाशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"चोपन्न वर्षांपूर्वी लग्न करून आम्ही इथेच आलो होतो. गाडी तुमच्या वडिलांनीच दिली होती. त्यांनीही हिला आधी स्वतःच्या मागे बसवून फिरवून आणलं. असा राग आला होता मला तेव्हा!" तो जरासा हसला. "आता राग नाही हो. पण आज तिला पहिल्यांदा माझ्याच मागे बसू द्या."

"का बरं?"

"ती मला ओळखत नाही. फेब्रुवारीपासून. कुणी भला म्हातारा समजते, आणि एजिदिओ कधी येणार म्हणून मलाच विचारते. तिच्या मनातला एजिदिओ पंचविशीचा आहे, त्याला मी काय करू? तोंड म्हातारं झालं. पण पाठ तर तीच आहे ना? मागे बसली, कमरेला हात घातले, की ओळखेल. एकदाच ओळखलं तरी पुरे. सोमवारी तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवायचंय. मुलीने सगळं ठरवलंय, आणि तिचं चुकत नाही. मला आता हिला उचलवत नाही."

गास्पारे हो म्हणणारच होता. पण डोळ्यांसमोर वळणावरच्या त्या फरश्या आल्या, आणि आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसलेली, मध्येच हात सोडणारी बाई आली.

"काका, तिने हात सोडले तर दोघंही जाल. पाच मिनिटांत येतो. धरून बसते एवढं बघू द्या, मग दिवसभर गाडी तुमची."

एजिदिओ बराच वेळ बायकोकडे बघत राहिला, आणि मग त्याने मान हलवली. पुढे कितीतरी दिवस गास्पारेला वाटत राहिलं, की म्हाताऱ्याने तेव्हा भांडायला हवं होतं.

चेत्तीनाने लुइसेल्लाच्या हेल्मेटचा पट्टा लावला. बाई अशी सहज बसली, जणू रोज स्कूटरवरूनच बाजारहाट करते. तिने गास्पारेच्या कमरेला हातांची मिठी घातली. पहिल्या वळणावर तो झुकला तशी तीही झुकली, दुसऱ्या वळणावर तर त्याच्याआधी. गेल्या दहा वर्षांत इतकं चांगलं कुणी मागे बसलं नव्हतं. गास्पारेने मनातल्या मनात तिला पास करून टाकलं.

"एजिदिओ," मागून आवाज आला.

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"किती वेळ लावलास रे! वाट बघून बघून दमले मी."

सिन्योरा, मी दुकानवाला, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पोटावरची तिची बोटं सैल व्हायला लागली होती.

"तूच आहेस ना?"

"हो," गास्पारे म्हणाला. "मीच."

ती खळखळून हसली. सबंध रस्ताभर बोलत राहिली. घरात एक आजोबा राहतात, स्वभावाने अगदी गरीब, मला भरवतात, माझे केस विंचरतात. माझा नवरा येणार आहे असं मी त्यांना म्हटलं की नुसती मान हलवतात. रात्री रडतात रे ते, तू भेट एकदा त्यांना. बाजार कधी आला आणि कधी गाडी वळवली, हे गास्पारेला कळलंच नाही.

एजिदिओ गल्लीच्या मधोमध उभा होता. बायकोला हसताना बघून त्याचा चेहरा उजळला.

"धरून बसली ना?"

"बसली. सुरेख बसते," गास्पारे म्हणाला. त्याला वर बघवेना.

एजिदिओने घाईघाईने हेल्मेट चढवलं, गाडीवर बसला, मागची जागा हाताने पुसली. "चल, लुइसेल्ला."

तिने गास्पारेची बाही घट्ट धरली. "नको, आजोबा. मी ह्याच्याबरोबर आलेय. हा माझा नवरा."

गास्पारेने हेल्मेट काढून आपलं काळ्या दाढीचं तोंड तिच्यासमोर धरलं. "सिन्योरा, मी गास्पारे. दुकान माझं आहे. तुमचे यजमान ते तिकडे बसलेत."

"पुरे रे थट्टा," ती म्हणाली आणि तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

शेवटी चेत्तीना पुढे झाली. लेकराची समजूत काढावी तशी समजूत काढून तिने बाईला एजिदिओच्या मागे बसवलं आणि तिचे हात धरून त्याच्या कमरेला घातले. हात तिथे क्षणभर राहिले. एजिदिओने डोळे मिटून घेतले. मग तिने हात काढून आपल्या मांडीवर ठेवले.

"ही पाठ हाडकुळी आहे. त्याची अशी नाही," असं म्हणत ती खाली उतरली. "वाईट वाटून घेऊ नका हं, आजोबा."

एजिदिओ बंद गाडीवर तसाच बसून राहिला. जरा वेळाने उतरला आणि त्याने किल्ली गास्पारेच्या हातात ठेवली.

"तुम्ही घेऊन जा तिला."

"काका, चूक माझी आहे. तिने विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. मला कुठून दुर्बुद्धी झाली..."

"मीसुद्धा रोज हो म्हणतो की. माझं तिला पटत नाही." एजिदिओने आपलं हेल्मेट फळीवर ठेवलं. "किनाऱ्याच्या रस्त्याने जा, मोंदेल्लोपर्यंत. समुद्र दिसला की ती गाणं म्हणेल. सुरात नसतं, पण हसू नका. आणि नावाने हाक मारू नका तिला. लुइसेल्ला सगळेच म्हणतात." पुढचं बोलणं त्याला फार जड गेलं. "चिमणे म्हणा. हे आमच्या मुलीलाही माहीत नाही."

गास्पारे तिला घेऊन गेला. अड्डाउराच्या वळणावर समुद्र दिसला आणि तिने गाणं सुरू केलं. मोंदेल्लोला पोचल्यावर ती म्हणाली, "आज मला हाक का मारत नाहीस?" गास्पारेने गाडी कडेला घेतली. चव्वेचाळीस वर्षांचा गडी, बाजारात चार माणसांना पुरून उरणारा, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. दोनदा घसा खाकरून तो म्हणाला, "चिमणे."

"आता कसं!" ती म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर डोकं टेकलं.

दोन तासांनी ते परतले तेव्हा एजिदिओ चेत्तीनाच्या खुर्चीवर बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी चेत्तीनाने आणून ठेवलेल्या लिंबाच्या बर्फाचं पाणी झालं होतं. गाडीचा आवाज ऐकून तो उठून उभा राहिला.

"मला कामावर जायचंय," गास्पारे लुइसेल्लाला म्हणाला. "आजोबा सोडतील तुला."

"लवकर ये," ती म्हणाली. तो आत शिरला आणि गाड्यांच्या आडोशाला भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेरचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"आजोबा, आम्ही समुद्रावर गेलो होतो."

"हो का? पाणी कसं होतं?"

"निळंशार. तुम्ही इथेच बसून होता? एवढा वेळ?"

"मला काय काम असतंय?"

"तुम्हाला कुणी नाही का हो?"

"आहे ना," एजिदिओ म्हणाला. तिच्या रुमालाची सुटलेली गाठ तो बांधत होता. "बायको आहे. सकाळी फिरायला गेली होती."

"मग तिला सांगा ना, असं एकट्याला टाकून जात जाऊ नको म्हणून."

"सांगतो," एजिदिओ म्हणाला. त्याने पर्स खांद्याला अडकवली आणि तिला घेऊन तो बसच्या थांब्याकडे निघाला.