चाळीस तारांचं चाक

धाडच्या दवाखान्यातल्या नर्स अन्नपूर्णाबाई चालून चालून थकल्या होत्या. थकल्या म्हणजे कशा, तर सकाळी उठल्या उठल्याच थकलेल्या असत. सरकारनं सात गावं नेमून दिली होती आणि देवानं दोन पाय. देताना दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, एवढंच. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या सात गावांकडं ना एसटी जायची ना जीप. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला मुरमाचा रस्ता, खांद्याला बाळंतपणाच्या सामानाची जड पिशवी आणि वय चव्वेचाळीस. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. दुसऱ्या कुण्या बाईचे पाय असे दिसले असते, तर त्यांनी तिला दटावून खाटेवर निजवलं असतं. स्वतःला कोण दटावतं?

तरी चाललं होतं तसं चाललं असतं. पण मागच्या मार्गशीर्षात टाकळझरीला नारायणरावांच्या घरी जे झालं, ते बाईंच्या जिवाला लागून राहिलं. नारायणरावांची धाकटी सून आशा पहिलटकरीण. बाळंतपण अडलं तसा एक माणूस पायी धावत धाडच्या दवाखान्यात आला. बाई त्याच्याबरोबर तशाच निघाल्या. सहा मैल. दोन तास चालून पोचल्या तेव्हा गावची सुईण तानाबाई हात धुऊन ओट्यावर बसली होती. मूल गेलं होतं. कुणी बाईंना बोल लावला नाही. उलट नारायणरावच हात जोडून म्हणाले, "बाई, आमचंच चुकलं. एवढ्या मोठ्या माणसाले पायी आणलं. बैलगाडी धाडाले पायजे होती."

बाईंनी ते ऐकलं न ऐकलं केलं. वाटेनं परतताना एकच गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती: दोन तासांच्या जागी पाऊण तास लागला असता तर? आणि त्यांनी तिथंच ठरवलं, आता सायकल घ्यायची. शिकाऊ असताना अमरावतीला वसतिगृहाच्या आवारात त्या सायकल चालवत. त्याला वीस वर्षं झाली होती, पण हात-पाय काही असं सहज विसरत नाहीत.

चिखलीच्या बाजारात फकीर मोहम्मद मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याखाली टांगलेल्या रिमा आणि तेलाचा वास. बाईंची नजर गेल्या गेल्या बसली ती हिरव्या लेडीज सायकलवर. नवी कोरी, एका हातानं उचलावी अशी हलकी, चाकं बारीक.

"हे द्या," बाई म्हणाल्या.

फकीर मोहम्मदनं सायकलकडं पाहिलं नाही, बाईंच्या पिशवीकडं पाहिलं. ती उचलून हातानं तोलली. मग विचारलं, "रस्ता कोनता हाय बाई?"

"धाड ते कोलदरी. मधात टाकळझरी."

"मुरूम?"

"मुरूम, अन् दोन नाले."

"मंग हे नका घेऊ," म्हातारा म्हणाला. "हे कालिजातल्या पोरीचं काम हाय. डांबरावर पळन हवेसारखी. तुमच्या चाकोरीत दुसऱ्याच दिवशी चाकाचा आठ होईन, अन् तुम्ही मले शिव्या द्यान. लोक सायकल घेतात तं रंग पाह्यतात. फ्रेम दिसाची असते बाई, चालते ते चाक."

गिऱ्हाईक आपण होऊन महाग वस्तू मागतं आणि दुकानदार नको म्हणतो, असा माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. त्या बसल्या बाकड्यावर. कंटाळा आला होता, पाय ठणकत होते, आणि म्हातारा तर जशी काही सोयरीक जमवायची असावी तशी चौकशी करत होता. किती वजन? चढ कुठं? उतरून ढकलायची ताकद हाय का? दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं चाक बांधून देतो म्हणाला. जाड रिम, रुंद टायर, पुढं बत्तीस तारा न मागं चाळीस. फ्रेम लेडीजच, लुगड्याची अडचण नको. जड होईल, पण दगा देणार नाही.

"पहिले पंधरा दिवस मांड्या रडतीन," तो म्हणाला. "मंग तुम्हीच म्हनान, पाय परत आले."

आठ दिवसांनी बाई गेल्या तेव्हा तो चाक फिरवत, एकेक तार नखानं वाजवत बसला होता. जी बद्द वाजेल ती पिळायची, पुन्हा वाजवायची. चाळीसच्या चाळीस तारा बाईंसमोर वाजवून दाखवल्या, तेव्हा कुठं सायकल हाती दिली.

मांड्या रडल्या, अगदी सांगितल्याबरहुकूम रडल्या. नर्सबाई लुगडं खोचून सायकलवर बसतात, याचं धाडच्या लोकांना आठ दिवस नवल वाटलं. नवव्या दिवशी त्यांना दुसरं नवल सापडलं. महिन्याभरात घोट्यांची सूज उतरली. चढाला पूर्वी धाप लागायची ती लागेना. दवाखान्याच्या डॉक्टरांनी एकदा सहज नाडी पाहिली आणि म्हणाले, बाई, तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात. लहानबिहान काही झाल्या नव्हत्या. जुना शीण हाडात होता तो होताच. पण रात्री झोप लागत होती, आणि कोलदरीला जाऊन दुपारच्या आत परत येता येत होतं. टाकळझरीच्या विहिरीपाशी त्या पूर्वी प्रत्येक खेपेला अर्धा तास टेकत. टेकल्याशिवाय पाऊल पुढं पडायचंच नाही. नारायणरावांची बायको कौशल्याबाई तांब्याभर पाणी आणून द्यायची आणि गावातल्या पोटुशा बायकांची खबर सांगत बसायची. आता टेकायची गरज उरली नव्हती. उतारावर सायकल आपसूक पुढं जायची.

वर्ष उलटलं. आशाला पुन्हा दिवस गेले होते. बाई तिला तपासून आल्या होत्या, चैत्राच्या शेवटी होईल म्हणाल्या होत्या. "या वेळेस मी पाऊण तासात येते," असं त्यांनी कौशल्याबाईला चार बायकांसमोर सांगितलं होतं. बोलताना त्यांना बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा.

चैत्र लागून दहा दिवस झाले असतील. बाई सकाळी सातलाच कोलदरीला गेल्या; लहान मुलांना देवीची लस टोचायची होती. त्या टाकळझरीवरून गेल्या तेव्हा सगळं शांत होतं. आठला आशाला कळा सुरू झाल्या, पंधरा-वीस दिवस आधी. नारायणरावांनी वेळ घालवला नाही, हे त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. मागच्या खेपेचा धडा त्यांनी पक्का गिरवला होता. बैलांना धुतलं, गाडीत कडबा पसरला, त्यावर नवी गोधडी अंथरली. गडी पाठवला असता तर बाईंचा मान राहिला नसता, म्हणून कासरा स्वतः धरला आणि नाल्यातल्या गाडीवाटेनं धाडला निघाले. बाई कोलदरीला आहेत, घरापासून तीन मैलांवर, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी गाडी धाडच्या दवाखान्यातच गेली असती, बाईंना बोलवायचं ते त्यांच्या दारातून.

अकराच्या सुमारास बाई परत टाकळझरीवर आल्या. उतार लागला, कानात वारा भरला. विहिरीवर दोघी-तिघी पाणी शेंदत होत्या. बाईंनी घंटी वाजवून हात केला. त्यांनीही हात केला. चाक खडीवरून गेलं, दगड उडाले, पण सायकल जराही डळमळली नाही, आणि बाईंना मनातून फकीर मोहम्मदचं कौतुक वाटलं.

दवाखान्यापुढं बैलगाडी उभी होती. नारायणराव पायरीवर दीड तास बसून होते. बाईंना पाहून उठले, हात जोडले.

"या बाई. सूनबाईले कळा सुरू हायत सकाळपासून. बसा गाडीत."

"मी आत्ता तुमच्याच दारावरून आले, दादा."

"हाव, पर आम्ही तुमाले न्यायले आलो होतो न," नारायणराव म्हणाले.

बाईंनी पिशवीत औषध टाकलं आणि सायकल वळवली. पाय संपले होते. पुन्हा सहा मैल, डोक्यावर ऊन, तोंडाला कोरड. चढावर एकदाही उतरल्या नाहीत. चाकानं दगा दिला नाही आणि पायांनीही दिला नाही, हे पुढं कितीतरी दिवस त्या स्वतःला सांगत राहिल्या. साडेबाराला त्या टाकळझरीला पोचल्या. नाळ बाळाच्या गळ्याभोवती पडली होती. त्यांनी सोडवलं, उलटं धरलं, तोंडात फुंकलं, चोळलं. अर्धा तास चोळलं. तानाबाईनं शेवटी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबल्या. मुलगी होती. तासभर आधी हाती आली असती तर जगली असती, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

दाराबाहेर कौशल्याबाई भिंतीला टेकून रडत होती. बाईंनी तिला विचारलं, "विहिरीवरच्या बायांनी मला पाहिलं होतं. कुणी थांबवलं काऊन नाही?"

"गाडी गेली होती न बाई तुमाले आणाले," ती पदरात तोंड घालून म्हणाली. "मालक सोता गेले होते. मंग मधातच रस्त्यावरून हटकून कसं बोलवाव तुमाले? तुम्ही का कोनी वाटसरू हा?"

अडीचला बैलगाडी परत आली. गोधडी तशीच अंथरलेली, सुरकुती नाही. नारायणरावांना कुणीतरी गावाबाहेरच सांगितलं असावं. ते ओट्यापाशी आले, फेटा काढून हातात घेतला.

"बाई, आमचंच चुकलं," ते म्हणाले. "एकच गाडी धाडली. पुढच्या खेपेले दोन धाडतो. एक दवाखान्यात, एक कोलदरीले."

बाईंना संताप यायला हवा होता. त्यालाही अंगात थोडी ताकद लागते, ती उरली नव्हती. या माणसाला काय समजवायचं, आणि कुठून सुरुवात करायची? चूक त्याची म्हणावी तर तो बिचारा सकाळपासून बैल हाकत होता. त्या नुसत्याच "बरं" म्हणाल्या आणि आशाची नाडी पाहायला आत गेल्या.

आशा जागी होती. रडून झालं होतं तिचं. खोलीला रस्त्याच्या अंगाला हातभर खिडकी होती, तिच्याकडं तोंड करून ती पडली होती. बाईंनी मनगट धरलं.

"तुमची घंटी आली होती मले ऐकू," ती म्हणाली. "तुम्ही वापस जात होत्या तवा."

"मग सांगितलंस का कोणाला?"

"सांगतलं. सासूबाई म्हने, गाडी गेली हाय, चूप राह्य." तिनं जरा दम घेतला. "मंग म्याच हाक मारली खिडकीतून. दोनदा मारली. तुम्ही लय जोरात होत्या जी."

बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. झालं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. बाईंच्या बोटांखाली नाडी चालत होती, पण ठोके मोजायचे राहून गेले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.