वगळायची ओळ

पिवळी चिठ्ठी फलकाच्या पुठ्ठ्याला नीट चिकटली नव्हती. हीटरच्या वाऱ्याने तिचं टोक फडफडत होतं, खालची ओळ दिसत होती, झाकली जात होती... श्रद्धाने ती बोटाने दाबून धरली. क्युरेटर ॲलिसनचं गोल, प्रेमळ अक्षर : ही ओळ काढू या?

ओळ तिनेच लिहिली होती. प्रदर्शनाच्या पहिल्या फलकावर, १८५२च्या कायद्याने न्यूझीलंडच्या प्रांतांना स्वराज्य मिळालं, या वाक्याखाली — 'मत मात्र मालमत्तेवर होतं. जमीन सामाईक असलेल्या बहुतेक माओरींना ते मिळालं नाही.' एवढंच. क्राइस्टचर्चच्या या लहानशा संग्रहालयात फलक लिहिण्याचं तिचं कंत्राट शुक्रवारी संपत होतं, पुढचं ॲलिसनच्या हातात होतं, आणि सकाळी रिकार्टन उपनगरातल्या घरातून निघताना तिचा नवरा प्रणय म्हणाला होता, "एका ओळीसाठी ताणू नकोस गं."

एक ओळ... पणजोबांचीही एकच होती. भानुदास मास्तर, महारवाड्यातले पहिले शिकलेले. १९२०मध्ये, इंग्रजांच्या नव्या राज्यकारभार सुधारणांनंतर मुंबई प्रांतात निवडणूक आली तेव्हा मामलेदारांनी त्यांना बोलावलं, ते अक्षर सुंदर म्हणून. कचेरीच्या ओट्यावर — आत नव्हे — बसून त्यांनी मतदारयादी नकलली, भरपूर शेतसारा भरणाऱ्या जमीनवाल्यांची नावं, एकेक वेलांटी घोटून, आणि शेवटी, कुणी न सांगता, स्वतःचं नाव लिहिलं. कारकुनाने खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मग कारकुनाने कागदच काढून घेतला... लहानपणी हे ऐकताना श्रद्धाला त्यांचाच राग यायचा. मत मिळणार नव्हतंच, मग कशाला? आणि आता मी काय करतेय?

"किया ओरा, श्रद्धा!" माओरीत नमस्कार करत ॲलिसन कॉफीचा कप घेऊन दारात उभी होती. "चिठ्ठी पाहिलीस? शनिवारी लोक मुलांना घेऊन येतात. पहिल्याच फलकावर हे नको. मागे कुठेतरी घालू."

"मागे नाही." आवाज कापला याची श्रद्धाला लाज वाटली, आणि मग वाटेनाशी झाली. "ही ओळ काढलीस तर वरची खोटी ठरते."

"मला संचालकांशी बोलावं लागेल."

"बोल ना."

ॲलिसन गेली. भीती होतीच — प्रणयला काय सांगायचं, तेही सुचत नव्हतं. पण तिने पुढच्या फलकाचा मजकूर उघडला, आणि त्यातल्या 'माओरी पुरुषांना मत दिलं' या वाक्यातलं 'दिलं' हे क्रियापद वाचताना तिला पहिल्यांदाच वाटलं, ते कुणाच्या मालकीचं होतं, म्हणून दिलं?... आणि अंगात अशी काही ऊब चढली, की असे तपासायचे अजून किती फलक उरलेत ते ती मोजू लागली.