खंडेनवमीची भट्टी

सन २००४. खंडेनवमी, सकाळचे दहा. भोरच्या बाहेरचं एक खासगी कॉलेज, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. भट्टीच्या नळीत मी होते.

मी एक काळी गोळी. खोकल्याच्या गोळीएवढी. इट्रियम, लँथॅनम आणि टायटॅनियम यांच्या पावडरी हुमाने खलात घोटल्या, दाबल्या, भाजल्या, तेव्हा मी झाले. हुमा ही पंक्चरवाल्या जलालभाईंची मुलगी. पीएच.डी. करत होती.

माझ्या अंगात टायटॅनियमचे अब्जावधी कण आहेत आणि त्यातला प्रत्येक कण एक इवला चुंबक. शेजार नुसत्या इट्रियमचा असला, तर सगळे एका दिशेला तोंड करतात. नुसत्या लँथॅनमचा असला, तर शेजारी शेजाऱ्याच्या उलट उभा राहतो आणि सगळी ताकद आपसात जिरून जाते. हे घडतं तेही भयंकर थंडीत. एरवी मी टाचणीसुद्धा उचलत नाही.

जलालभाई यावरून लेकीला छेडायचे. "आमच्या दुकानातला चुंबक बघ, पाना उचलतो पाना! तुझी गोळी काय उचलती गं?"

"अब्बा, तिला लई थंडी लागती. शून्याच्या खाली अडीचशे अंश!"

"मग स्वेटर घाल तिला."

माझ्यात इट्रियम आणि लँथॅनम दोन्ही होते. लँथॅनम किती वाढवलं की टायटॅनियमची एकजूट मोडते, एवढंच हुमाला शोधायचं होतं. माझ्या आधीच्या गोळीने उत्तर दिलं होतं: लोक समजतात त्याहून बऱ्याच उशिरा. पण ती गोळी तपासणीतच फुटली, आणि हुमाच्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी आकडे बाजूला सारले. "भोरच्या भट्टीत पुस्तकं बदलत नसतात, बाई. परत करून दाखव."

तिने परत केलं. उरलेली सगळी पावडर माझ्यात गेली. मुंबईच्या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर सोमवारची वेळ मिळाली होती, वर्षभर थांबून. त्याआधी एकदा शेवटचं भाजायचं बाकी होतं. तापताना हवा लागली तर आमचा टायटॅनियम ऑक्सिजन पितो आणि त्याचं चुंबकपण कायमचं जातं. म्हणून आदल्या रात्रीपासूनच भट्टीच्या नळीतून आर्गॉन वायू सतत वाहता ठेवलेला; भट्टी हुमा स्वतः येऊन लावणार होती. टाकीवर हुमाने खडूने लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

दरवर्षी यंत्रांच्या पूजेला झेंडूचे हार हुमाच आणायची. त्या वर्षी तिची आई जोहरा पुण्याला इस्पितळात होती, म्हणून हुमा सकाळी आली नाही. शिपाई कुंडलिकने नेमाने सगळी यंत्रं ओल्या फडक्याने पुसली. टाकीही पुसली. खडू गेला.

आरती सुरू झाली. टाकी सूं सूं करत होती. कुणीतरी म्हणालं, "तो आवाज बंद करा रे, आरती ऐकू येईना." कुणाचा तरी हात चावीवर गेला. आवाज थांबला. नळीच्या दुसऱ्या टोकाने हवा आत शिरू लागली.

मग संस्थेचे सचिव आनंदराव पुढे झाले. शुभारंभाला बटण दाबायचं होतं.

"सायेब," कुंडलिक म्हणाला, "हुमाताई बोलल्या हुत्या, भट्टीला हात लावू नका."

"हात कुठं लावतोय? बोट लावतोय!" आनंदराव हसले. सगळे हसले. मंडळी जिलेबी खायला गेली. भट्टी तापत राहिली.

हुमा दुपारी आली, तेव्हा मी पांढुरकी पडले होते. तिने मला चिमट्यात धरलं. "ही माझी गोळी न्हाई," ती म्हणाली. मग खाली बसली.

तरी सोमवारी ती मला घेऊन मुंबईला गेली. काही आत उरलं असेल, या आशेवर. यंत्राने मला गोठवलं, आणि पडद्यावर सपाट रेघ आली.

"मग आधीचे आकडे आणले कुठून?" मार्गदर्शकांनी विचारलं. महिन्याभरात शिष्यवृत्ती थांबली. आकडे बनावट ठरले. ठरवणाऱ्यांनी त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहण्याची तसदीही घेतली नाही.

चौकशीला तीन प्राध्यापक बसले. आरतीला तेही हजर होते. कुंडलिकला त्यांनी बोलावलंच नाही. जलालभाई दारात उभे राहिले, "साहेब, माझी मुलगी खोटं बोलत न्हाई." त्यांना सांगण्यात आलं, हा विज्ञानाचा विषय आहे.

हुमा आता वेल्ह्यात शाळेच्या पोरांना गणित शिकवते. मी तिच्या कपाटात, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत आहे. ती डबी उघडत नाही. मला पुन्हा काळी करा, असं मी म्हणत नाही; ते होणार नाही. तिच्या आकड्यांना एकदा दुसऱ्या गोळीची संधी द्या, एवढंच मागते.

समितीचा निष्कर्ष असा: 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे टाकीतला वायू संपला.' पुढच्या उन्हाळ्यात दुकानदार ती टाकी परत न्यायला आला. त्याने चावी उघडली. दाबाचा काटा निम्म्यावर होता.