चटईच्या आत

अंगणात मिरच्या वाळत घालायला जागा पुरेना, तरी ओकबुन कोठीतली जुनी चटई काही कुणाला काढू देत नसे. गावच्या जमीनदार मालकांसमोर मान तुकवली नाही, एवढ्यावरून त्यांनी तिच्या नवऱ्याला याच चटईत गुंडाळून साऱ्या गावाकडून बडवून घेतलं होतं. एकदा गुंडाळलं की आतल्याचं तोंड दिसत नाही, मारणाऱ्याचा हात कचरत नाही. अशी ही जुनी शिक्षा. नवरा त्यातनं उठलाच नाही.

एकोणीसशे पन्नासच्या उन्हाळ्यात उत्तर कोरियाची कम्युनिस्ट फौज गावात आली. मालक पळाले आणि ओकबुनच्या मुलाच्या, बोंसामच्या, दंडावर लाल पट्टी चढली. तो तडक कोठीत शिरला.

"आई, ती चटई दे. मालकाचा धाकटा पोरगा मागं राहिलाय."

"युन गुरुजी? अरे, त्यांनी तुला अक्षरं शिकवली. फुकट."

"रक्त मालकाचंच ना? बाबांना मारलं तेव्हा कुठं होते तुझे गुरुजी?"

"लहान पोर होतं ते. कोपऱ्यात उभं राहून रडत होतं. बोंसाम, चटईत गुंडाळलेला माणूस दिसत नाही रे. तुझा बाप तरी त्यांना कुठं दिसला?"

"तू आपल्या मिरच्या बघ."

चटई त्यानं नेलीच. गुरुजींना तिच्यात गुंडाळलं आणि पहिली काठी त्याचीच पडली. त्याच्यासारखीच लाल पट्टी चढवलेला शेजारचा पान्दोल तर दातओठ खाऊन मारत होता. आतून कण्हणं आलं आणि बोंसाम जागीच थिजला. लहानपणी दाराआडून ऐकलेलं बापाचं कण्हणं अगदी असंच होतं! काठी टाकून त्यानंच चटई सोडली. गुरुजी वाचले, पण पाय कायमचा गेला.

थंडीच्या तोंडाला दक्षिणेची फौज आली, मालक परतले आणि बोंसाम चटईत गेला. मालकांनी काठी गुरुजींच्या हातात दिली.

"मी मारणार नाही, बाबा."

"लंगडा केलाय त्यानं तुला."

"बाहेरही त्यानंच काढलं मला. आता पुन्हा कुणाला आत घालू नका."

मालकांनी नुसतं गर्दीकडे पाहिलं. पान्दोल पुढं झाला. आपली लाल पट्टी त्यानं कधीच चुलीत घातली होती. आता आपण मालकांचेच, हे त्याला सगळ्यांच्या आधी दाखवायचं होतं. ओकबुन चटईवर आडवी पडली, तिला ओढून बाजूला केलं. मुलगाही त्यातनं उठला नाही.

माती दिल्यावर पान्दोल तिच्या दारात आला.

"वहिनी, माझा नाइलाज होता. नसतं मारलं तर मलाच गुंडाळलं असतं. ती चटई जाळून टाकू का?"

"जाळ की. गावात चटया काय कमी आहेत? माझा नवरा आत होता, मग गुरुजी, मग माझं पोर. हुकूम देणारे बदलले. काठी मात्र दर वेळी तुझीच होती, पान्दोल."

पान्दोल ढसाढसा रडला. त्याला कळलं, पण फार उशिरा कळलं.

बंधूंनो, राज्यं बदलतात, पट्ट्यांचे रंग बदलतात. जुलूम टिकतो तो आपल्यासारख्यांच्या काठीवर. ती उचलायला नकार देणारे गावोगाव निघतील, तेव्हाच तो थांबेल. ओकबुनच्या गावात असा एकच निघाला, आणि तोही लंगडा.