माईक चालूच होता

गुरुवारी दुपारी ऑफिसची मीटिंग संपली आणि वसीलाने नेहमीसारखी लॅपटॉपवर कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून मीटिंगची खिडकी बंद केली. अल्जेरियातल्या त्लेमसेन शहरातल्या आपल्या घरून ती अल्जियर्सच्या एका भाषांतर कचेरीचं काम करायची. मीटिंगसाठीचं ‘मजलिस’ नावाचं अ‍ॅप कचेरीनेच गळ्यात मारलं होतं. तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ते कधी धड चाललं नाही, पण चालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. धाकटा भाऊ गौती आत आला तो भिंतीला टेकूनच उभा राहिला. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले.

“ताई, मला रविवारपर्यंत इथे राहू दे.”

नवरा लोत्फी आतल्या खोलीतून बाहेर आला. “अरे, बस तरी आधी. वसीला, कॉफी टाक गं.”

कॉफी हातात घेऊन गौती एकदाचा बोलता झाला. तो शहराबाहेरच्या चामड्याच्या कारखान्यात पाळीचा मुकादम होता. तिथे एक मजूर रसायनाच्या हौदात पडून मेला. मालक म्हणत होता, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. गौतीने मात्र त्याला डोळ्यांदेखत पडताना पाहिलं होतं, आणि रविवारी तो कोर्टात तसं सांगणार होता.

“मालकाची माणसं मला शोधतायत. माझ्या खोलीचं कुलूप तोडलंय. मी इथे आहे हे कुणाला कळलं तर…” तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

वसीला त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. सहज तिची नजर टेबलावरच्या लॅपटॉपकडे गेली. पडद्याच्या वरच्या पट्टीत माईकचं बारकं नारिंगी चिन्ह पेटलेलं होतं.

तिने चिन्हावर टिचकी मारली. मजलिसची खिडकी पुन्हा उघडली. मीटिंग चालूच होती! फुली मारून फक्त खिडकी नाहीशी झाली होती, अ‍ॅप मागच्या मागे जागंच होतं. बाकी सगळे निघून गेले होते. एक तिचं नाव उरलं होतं, आणि एक सिद अहमदचं.

सिद अहमद तिच्याच गटात होता, राहायलाही याच शहरात. आणि त्याची बायको त्या कारखानदाराची सख्खी बहीण होती.

वसीलाने “बाहेर पडा” दाबलं. खिडकी गेली, नारिंगी चिन्ह तसंच. तिने मग काही विचार न करता लॅपटॉप बंद करायचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

“काय झालं गं?” लोत्फीने विचारलं.

तोच तिचा फोन वाजला. सिद अहमदच होता.

“मादाम वसीला, माझं नीट ऐका.” त्याचा आवाज दबका होता. “मीही खिडकी बंद केली होती. मला वाटलं, संपलं. स्पीकर मोठा होता. मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजू करायला आत गेलो होतो, बायको इथेच बसली होती. तिने सगळं ऐकलं. आत्ता ती गच्चीवर भावाशी फोनवर बोलतेय.”

“तुम्ही तिला अडवलं नाहीत?”

“अडवलं असतं तर ती थांबली असती का? भावाला हलवा. आत्ताच्या आत्ता.” फोन बंद झाला.

वसीलाने दोघांना चालू राहिलेल्या माईकचं आणि फोनवरचं सगळं सांगितलं. पुढे कुणी वाद घातला नाही. लोत्फीने गाडीची किल्ली घेतली, गौतीला आपला कोट नि टोपी घातली. “कुठे न्यायचं ते गाडीत ठरवू. इथे बोलायची मला आता भीती वाटते.” दारात तो वळला. “वसीला, आधी राउटरची वायर काढ, मगच लॅपटॉप लाव. ते मजलिसचं भूत आपोआप उठतं. त्याला मुळापासून उपट.”

घर एकदम रिकामं झालं. वसीलाने राउटर काढला, लॅपटॉप लावला. तिचा हात दुसऱ्या कुठल्या खिडकीला लागलाही नव्हता तोच वरच्या पट्टीत नारिंगी चिन्ह उगवलं. चालू प्रोग्रॅमच्या यादीत मजलिस शोधून तिने ते बंद केलं. चिन्ह गेलं. तिने श्वास सोडला, आणि ते परत आलं.

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

तिने यादी पुन्हा वरपासून वाचली. मजलिसच्या जरा वर त्याच नावाचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम होता. मोठा बंद पडला की हा त्याला उठवत होता. तिने आधी त्या छोट्याचा गळा दाबला, मग मोठ्याचा. चिन्ह विझलं. वाट पाहिली. विझलेलंच राहिलं.

बेल वाजली.

दारात दोन माणसं होती, स्वच्छ कपड्यातली. “सलाम, बहीणबाई. गौती आहे का? आम्ही त्याचे मित्र.”

“तो कशाला येईल इकडे? ईदलासुद्धा फिरकत नाही.”

त्यातल्या एकाने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर कॉफीचे तीन कप होते.

“पाहुणे होते वाटतं?”

“नवरा आणि त्याचा भाऊ. आत्ताच गेले मशिदीत.” तिने फोन हातात घेतला. “त्यांना फोन करून बोलावू का?”

माणूस हसला. “नको. आम्ही खाली थांबतो.”

ते थांबले. काळोख पडेपर्यंत गाडी हलली नाही. वसीलाने लोत्फीला निरोप पाठवला, रविवारपर्यंत घरी येऊ नकोस, गौतीजवळच राहा. त्या वेळात वसीलाने सेटिंग उघडून “सुरुवातीला चालू करा” आणि “मागे चालू राहू द्या” या दोन्ही परवानग्या काढल्या, मग मजलिस उडवूनच टाकलं. तरी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवला, आणि एकटी असूनही शुक्रवारभर घरात ती पाऊल न वाजवता वावरली.

रविवारी गौतीने साक्ष दिली. कोर्टातून तो थेट ओरान शहरात आत्याकडे गेला, तिथेच त्याला काम लागलं. त्लेमसेनला तो आजही येत नाही.

वसीलाने कचेरीला कळवलं, मी यापुढे फोनवरच बोलेन. सिद अहमदची बायको माहेरी निघून गेल्याचं तिच्या कानावर आलं. एकदा बाजारात तो समोरून आला. तिला आभार मानायचे होते. त्याने मान खाली घातली आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला.